आमची एक सही

खंडव्याहून इंदूरकडे येणाऱ्या मीटरगेज गाडीने ज्यांनी कधी प्रवास केला असेल, त्यांना चोरल नदीकाठचा तो घाट विसरता येणार नाही. इंजिनाला लागलेली धाप, बोगद्यातला काळोख, आणि कालाकुंडच्या फलाटावर पानात बांधून मिळणारा कलाकंद. 2023 मध्ये रुंदीकरणासाठी ती नियमित गाडी बंद झाली. आता पातालपाणी ते कालाकुंड एवढीच हौशी प्रवाशांची गाडी उरली आहे.

या मार्गाची हकीकत इथल्या मराठी घरांतून अभिमानाने सांगितली जात असे. ‘महाराजांनी इंग्रजाला रेल्वे दिली,’ असे आमच्या आजीचे शब्द. हकीकत खरीच आहे. 1870 मध्ये तुकोजीराव होळकर (दुसरे) यांनी खंडव्यापासून इंदूरपर्यंत लोहमार्ग व्हावा म्हणून इंग्रज सरकारला एक कोटी रुपये दिले. पाठोपाठ ग्वाल्हेरच्या शिंद्यांनीही इंदूर-नीमच मार्गासाठी पंचाहत्तर लाख दिले. मात्र ‘दिली’ या क्रियापदापाशी आम्हांला पुढे वयाबरोबर थबकावेसे वाटू लागले. महाराजांनी रक्कम दिली ती दान म्हणून नव्हे, कर्ज म्हणून. मुदत एकशे एक वर्षे आणि व्याज शेकडा साडेचार. मुदत भरायची ती 1971 साली. तोवर होळकरांचे राज्य विलीन होऊन दोन तपे लोटली होती, आणि त्याच साली संस्थानिकांचे तनखेही बंद झाले.

व्याज घेतले म्हणून महाराजांना दोष देण्याचा आमचा हेतू नाही. उलट, सार्वभौम सत्तेशी व्यवहार करताना मांडलिकाने हिशेब चोख ठेवला, हे कौतुकास्पदच. आमचा प्रश्न निराळा आहे. तो एक कोटी रुपया मुळात कोणाचा? माळवा-निमाडातल्या ज्या कुणब्याने सारा भरला, त्याला कोणी विचारले होते काय? आणि त्याच्या बैलगाडीने त्या गाडीचा लाभ कधी घेतला?

हा प्रश्न आज उकरून काढण्याचे कारण आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे. इंदूरच्या मेट्रोला केंद्रीय मंत्रिमंडळाची मान्यता मिळाली ती 3 ऑक्टोबर 2018 रोजी. सुमारे साडेएकतीस किलोमीटरचा वर्तुळाकार मार्ग, तीस स्थानके, अंदाजित खर्च साडेसात हजार कोटी. 31 मे 2025 रोजी, अहिल्याबाईंच्या तीनशेव्या जयंतीला, गांधीनगर ते सुपर कॉरिडॉर हा सुमारे सहा किलोमीटरचा पहिला टप्पा सुरू झाला. पहिला आठवडा प्रवास विनामूल्य होता, आणि निवृत्त मनुष्याला विनामूल्य गोष्टीचे आकर्षण असतेच. आम्हीही नातवाला घेऊन जाऊन आलो.

ही मेट्रो केंद्र आणि राज्य यांच्या ‘निम्म्या-निम्म्या’ भागीदारीची आहे. आयुष्याची तीन तपे सरकारी नस्त्यांत घालवल्यामुळे या शब्दाचा अर्थ आम्हांला थोडाफार कळतो. निम्मे-निम्मे असते ते कंपनीचे भागभांडवल. खर्चाचा मोठा भाग कर्जाने उभा राहतो. आशियाई विकास बँक किंवा न्यू डेव्हलपमेंट बँक यांच्याकडून ते कर्ज येते भारत सरकारच्या नावाने, आणि फेडण्याचा भार येतो राज्यावर. जमीन राज्याने द्यायची. गाडी तोट्यात चालली तर तो तोटाही राज्यानेच सोसायचा. राज्य म्हणजे कोण, हा पुढचा प्रश्न नस्तीत कोणी लिहीत नाही. आम्हीही लिहिला नाही. ‘राज्याचा हिस्सा यथावकाश उपलब्ध करून देण्यात येईल’ हे वाक्य आम्ही किती टिपणांच्या शेवटी लिहिले, याची मोजदाद नाही. तो हिस्सा कुठल्या खेड्याच्या रस्त्यातून वा दवाखान्यातून कापला जाईल, हे विचारणे आमच्या कामात मोडत नव्हते. निदान तेव्हा आम्ही तशी समजूत करून घेतली होती.

मूळ आराखड्यात राजवाड्याकडचा भाग भुयारी होता, बाकीचा खांबांवरून. मग खजराण्यापासूनच गाडी जमिनीखालून न्यावी, अशी मागणी पुढे आली. रस्ते आधीच अरुंद, खांबांमुळे झाडे जातील, दुकाने झाकोळतील, शहराची शोभा जाईल. यांतले एकही कारण खोटे नव्हते. रामबागेतला वाडा विकून आम्ही टिळकनगरात राहावयास आलो त्याला आता पुष्कळ वर्षे झाली. शेजाऱ्यांनी निवेदन फिरवले तेव्हा त्यावर आम्हीही सही केली, तीही चष्मा पुसून, ठसठशीत. डिसेंबर 2025 मध्ये मागणी मान्य झाली, आणि वाढीव खर्च राज्य सरकार सोसेल असे जाहीर झाले. कॉलनीत पेढे वाटले गेले.

पेढा तोंडात असतानाच आम्हांला झाबुआ आठवले. नोकरीच्या आरंभी आम्ही तिकडे होतो. इंदूर-दाहोद लोहमार्गाची पायाभरणी झाबुआतच झाली, फेब्रुवारी 2008 मध्ये, पंतप्रधान मनमोहनसिंग यांच्या हस्ते. 2025 संपले तरी इंदूरहून झाबुआला गाडी जात नव्हती. तिथला भिल्ल मजूर आजही बसच्या टपावर सामान टाकून गुजरातेत कामाला जातो. तो काडेपेटी घेतो, मोबाइलमध्ये पैसे भरतो, आणि प्रत्येक वेळी काही पैसे राज्याच्या तिजोरीत पडतात. आमच्या रस्त्यावर खांब दिसू नयेत म्हणून जो खर्च व्हायचा, त्यात ते पैसे आहेत.

यावर आमच्या एका स्नेह्यांनी चांगला युक्तिवाद केला. ते म्हणाले, ‘अहो, इंदूर राज्याला कर किती देते, झाबुआ किती! आपलेच पैसे आपल्याकडे परत येताहेत.’ या मुद्द्यावर आम्ही बरेच दिवस विचार केला. कर भरल्यानंतरही तो पैसा ‘आपला’ राहतो काय? राहत असेल, तर करात आणि वर्गणीत भेद उरत नाही, आणि राज्य म्हणजे श्रीमंत शहरांनी स्वतःसाठी चालवलेली भिशी ठरते.

होळकरांच्या घरी या भेदाला दोन सुरेख शब्द होते : दौलत आणि खासगी. दौलत म्हणजे राज्याचा खजिना; फौज, कारभार, बंदोबस्त यांसाठी. खासगी म्हणजे राणीच्या हक्काचे स्वतंत्र उत्पन्न. अहिल्याबाईंनी देशभर घाट, विहिरी, धर्मशाळा बांधल्या त्या खासगीतून. (खासगीची गावेही शेवटी शेतकरीच कसत, हे आम्ही विसरलेलो नाही, पण निदान मनाची ओढ आणि राज्याची गरज यांच्या वह्या वेगळ्या होत्या.) जिच्या जयंतीला मेट्रो सुरू झाली, तिच्या कारकुनाने आमचे निवेदन पाहून पहिला प्रश्न कोणता केला असता? ‘हे कोणत्या वहीत मांडू?’ गाडी चालणे ही गरज, ती दौलतीत शोभते. ती आमच्या दृष्टीआड चालावी, ही बव्हंशी आमची ओढ.

शहराला स्वतःची खासगी असू शकते काय? असू शकते, याचे उदाहरण आपल्याच माणसांच्या मुंबईत आहे. नवी मुंबई वसवताना मानखुर्दच्या पुढे लोकल न्यायची, तर रेल्वे एकटी खर्च करावयास तयार नव्हती. तेव्हा सिडकोने सदुसष्ट टक्के आणि रेल्वेने तेहतीस टक्के अशी वाटणी झाली, आणि 1992 मध्ये लोकल खाडी ओलांडून वाशीला पोहोचली. सिडकोचा पैसा आला कुठून? गाडी येणार म्हणून ज्या भूखंडांचे भाव वाढले, त्यांच्या विक्रीतून. शिवाय तिकिटावर अधिभार होताच. म्हणजे लाभ ज्याचा, भार बराचसा त्याचा. अर्थात ही गोष्टही निर्मळ नाही. ती जमीन उरण-पनवेलच्या आगरी-कोळी शेतकऱ्यांची होती. वाजवी मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात जानेवारी 1984 मध्ये पाच जण गोळीबारात पडले, आणि त्यानंतर साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. भागीदारीच्या कागदावर ज्यांचे नाव नसते असे कोणी ना कोणी नेहमीच असते, एवढे त्यातून आम्ही शिकलो.

आमच्या सुपर कॉरिडॉरवरही जमिनीचे भाव काय होते आणि काय झाले, हे वाचकांपैकी ज्यांनी तिकडे भूखंड घेतले त्यांना आम्ही सांगायला नको. भुयारी मार्गालगतच्या घरांचेही तेच होईल. आमच्या घराचे होईल. आम्ही काहीही न करता ते वाढेल, आणि त्या वाढीतला एक पैसाही त्या भुयाराला जाणार नाही.

पुढच्या पिढीचे काय, असेही कोणी म्हणेल. कर्ज दीर्घ मुदतीचे असते, फेडतील ते आज शाळेत आहेत. आम्हांला त्यात फारसे वावगे दिसत नाही. भुयार शंभर वर्षे टिकले तर ते वापरतील आणि फेडतील. तुकोजीरावांच्या मार्गावरून आम्ही कलाकंद खात आलो, तो बांधणारे आमचे कोणी नव्हते. नातवावर भार टाकण्यापेक्षा झाबुआवर टाकणे आम्हांला अधिक खुपते, कारण नातू निदान त्या गाडीत बसेल.

लवकुश चौकापासून उज्जैनपर्यंत मेट्रो वाढवण्याची योजनाही पुढे आलेली आहे. 2028 च्या सिंहस्थाच्या गडबडीत ‘हिस्सा यथावकाश’ हे वाक्य पुन्हा कोणीतरी तरुण अधिकारी लिहीत असेल.

गेल्या महिन्यात आम्ही कॉलनीच्या बैठकीत विषय काढला. वाढीव खर्चातला काही अंश मार्गालगतच्या घरमालकांनी मालमत्ताकरावरील उपकराच्या रूपाने सोसावा, असे दुसरे निवेदन आपणच का देऊ नये, असे विचारले. कोणी रागावले नाही. चहा आला. एका गृहस्थांनी आमच्या प्रकृतीची चौकशी केली. दुसरे म्हणाले, ‘साहेब, पेन्शनीवर जगणारी माणसे आपण.’ तेही खरेच. आणि आमची पेन्शनही दौलतीतूनच येते.

त्या दुसऱ्या निवेदनाचा मसुदा आम्ही तयार केला आहे. ‘वाढीव खर्चापैकी शेकडा ___ इतका भाग आम्ही खाली सह्या करणारे’ एवढे लिहून झाले आहे. आकड्याची जागा अजून कोरी आहे. दोनदा लिहिला आणि दोनदा खोडला.