पाचवी चिमणी



पावसाची पहिली झड येऊन गेली. चिखलदऱ्याच्या टेकड्यांवर धुके उतरले आणि पर्यटकांच्या गाड्या घाट चढू लागल्या. देवी पॉइंट असो की भीमकुंड, जिकडे पाहावे तिकडे हात लांब करून फोटो काढणारी माणसे दिसतात. फोटो काढून झाला की लगेच दुसरे काम सुरू होते, ते मोजण्याचे. किती जणांनी पाहिला? किती जणांनी अंगठा दिला? पर्यटकांना नावे कशाला ठेवावीत? आपल्याही घरात हेच चालते.

आज सामान्य काळातील बारावा रविवार. आजच्या शुभवर्तमानात (मत्तय १०:२६-३३) प्रभू येशूसुद्धा मोजमापाचीच गोष्ट काढतो. तो चिमण्यांचा बाजारभाव सांगतो. दोन चिमण्या एका लहानशा नाण्याला. ते नाणे म्हणजे मजुराच्या एका दिवसाच्या मजुरीचा सोळावा भाग. संत लूकच्या शुभवर्तमानात (१२:६) भाव थोडा वेगळा आहे : पाच चिमण्या दोन नाण्यांना. आता हिशेब करून पाहा. दोन नाण्यांना चार यायला हव्यात, मग पाचवी कुठून आली? ती वर टाकलेली. बाजारात भाजीवाली मूठभर कोथिंबीर वर टाकते ना, तशी. तिचा भाव शून्य. आणि प्रभू म्हणतो, त्यांतल्या एकीचाही देवाला विसर पडत नाही. पाचवीचासुद्धा नाही.

बंधुभगिनींनो, आपल्या काळातही असा एक बाजार भरलेला आहे. फेसबुक, व्हॉट्सअ‍ॅप, इन्स्टाग्राम आपण फुकट वापरतो. ‘फुकट ते पौष्टिक’ असे आपण गमतीने म्हणतो. पण जेथे वस्तू फुकट मिळते, तेथे विकले काय जाते, हा प्रश्न शहाण्या माणसाने विचारायला हवा. तेथे आपले लक्ष विकले जाते. आपण काय पाहतो, कुठे थांबतो, कशाला पसंती देतो, हे टिपले जाते आणि त्याप्रमाणे जाहिराती आपल्यासमोर ठेवल्या जातात. जाहिरातदार त्याचे पैसे मोजतो.

या बाजारात माणसाचा भाव किती? २०१२ साली मे महिन्यात फेसबुकचे शेअर प्रथम बाजारात आले. तेव्हा कंपनीचे मोल सुमारे १०,४०० कोटी डॉलर धरले गेले आणि तिचे वापरकर्ते होते सुमारे ९० कोटी. म्हणजे माणशी ११५ डॉलर, त्या वेळचे सहा हजारांवर रुपये. २०१४ साली फेसबुकने व्हॉट्सअ‍ॅप १,९०० कोटी डॉलरना घेण्याचे जाहीर केले. वापरणारे सुमारे ४५ कोटी. माणशी ४२ डॉलर, म्हणजे साधारण २,६०० रुपये. विकत घेतली कंपनी, पण किंमत आली ती तिच्यावर जमलेल्या माणसांमुळे.

आणखी एक आकडा मनाला लागणारा आहे. २०२३ च्या शेवटच्या तिमाहीत फेसबुकला अमेरिका आणि कॅनडातील एका वापरकर्त्यामागे सरासरी ६८ डॉलर मिळाले. आपल्या आशिया-पॅसिफिक भागातील एका माणसामागे मिळाले साडेपाच डॉलर. तिकडचा एक आणि इकडचे बारा, असा हा भाव. व्यापाऱ्याने खिशाकडे पाहून हिशेब करावा यात नवल नाही. ज्याची खरेदी मोठी, त्याचे लक्ष महाग. पण या हिशेबात मेळघाटातला मजूर कोठे बसतो? आणि ज्याच्याकडे फोनच नाही, तो? तो पाचवी चिमणी.

माणसाला किंमत लावण्याची ही रीत जुनीच आहे. योसेफाला त्याच्या भावांनी वीस रुप्यांना विकले. आपल्या प्रभूचा सौदा तीस रुप्यांना झाला. त्यामानाने कंपन्यांनी सरासरी काढली तर आपण फार बिचकू नये. भीती वेगळीच आहे. भीती ही की बाजाराची तागडी हळूच आपल्या घरात यावी, आणि आपणही एकमेकांना त्याच तागडीत तोलू लागावे.

ती आलेली आहे, हे कबूल करू या. ज्याच्या फोटोला दोनशे अंगठे तो मोठा, ज्याला पाच तो बिचारा. दहावीतली मुलगी फोटो टाकते आणि तासाभरात कोणी काही म्हटले नाही तर गुपचूप काढून टाकते. तिच्या मनात काय चालते, हे आईबापांनी विचारले आहे का? आपल्यातील कित्येकांना ऑर्कुट आठवत असेल. २००४ साली ते सुरू झाले. मित्रांनी आपल्याविषयी लिहिलेले गोड शब्द तेथे जपून ठेवलेले असत, आपले किती चाहते आहेत हेही दिसे. ३० सप्टेंबर २०१४ रोजी ते बंद झाले. ज्यावर आपण आपली किंमत मोजत होतो, ती फूटपट्टीच गेली. पण माणसे राहिली, मैत्री खरी होती तीही राहिली.

आता आमच्याच चुकीची गोष्ट. मागच्या पावसाळ्यात एका रविवारी मिस्साची वेळ बदलावी लागली. आम्ही तसा निरोप धर्मग्रामाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकला. खाली हात जोडलेली चित्रे भराभर आली आणि सर्वांना कळले असे समजून आम्ही निश्चिंत झालो. टेकडीपलीकडच्या वस्तीवरून एक आजी नेहमीच्या वेळी पावसात चालत आल्या. मिस्सा केव्हाच आटोपली होती. त्या पायरीवर बसल्या होत्या. आम्हांला पाहून त्या रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, “फादर, मले कोनी सांगतलंच नाई जी.”

त्या दिवशी आम्हांला पाचवी चिमणी भेटली. गटावर जे नव्हते, ते आमच्या हिशेबातही नव्हते.

येथे या जाळ्यांचे गणितसुद्धा आपल्याला काही शिकवते. जगात एकच टेलिफोन असेल तर त्याचा उपयोग काय? काहीच नाही. दोन असतील तर एक जोड होते. दहा असतील तर पंचेचाळीस, शंभर असतील तर ४,९५०. नव्याने आलेला प्रत्येक जण आधीच्या सर्वांशी जोडला जातो, म्हणून त्याचे मोल. अर्थात, माणसाचे सामाजिक मोल त्याच्या एकट्यात नसून नात्यात आहे, हे व्यापाऱ्यालाही कळले. संत पौलाने करिंथकरांस पहिल्या पत्रात (अध्याय १२) हेच एका शरीराच्या दाखल्याने सांगितले. फरक एवढाच, की पौलाच्या हिशेबात जो अवयव दुबळा दिसतो, तोच अधिक गरजेचा आहे. २०१९ च्या जागतिक संपर्कमाध्यम दिनाच्या संदेशात पोप फ्रान्सिस यांनीही हाच शरीराचा दाखला घेतला आणि सांगितले, की जाळ्यावर जमलेला समूह आपोआप खरा समाज होत नाही.

म्हणून फोन फेकून द्या असे आम्ही म्हणत नाही. पुण्या-मुंबईला कामाला गेलेल्या लेकराचा चेहरा आईला फोनवरच दिसतो. रात्री रक्त हवे असेल तर गटावरचा एक निरोप परतवाड्यात दाता शोधून देतो. ७ सप्टेंबर २०२५ रोजी संत म्हणून घोषित झालेला कार्लो अकुतिस पंधराव्या वर्षी देवाघरी गेला. या मुलाने संगणकाचा उपयोग ख्रिस्तप्रसादाच्या चमत्कारांची माहिती जगापुढे मांडण्यासाठी केला. साधन वाईट नाही. साधनाच्या हाती तागडी देणे वाईट.

तेव्हा आपण काय करावे? यापुढे धर्मग्रामाचा प्रत्येक निरोप गटावर जाईल तसाच देवळाच्या दारावरही कागदावर लागेल. आपल्यापैकी ज्यांच्याकडे फोन आहे, त्यांनी फोन नसलेले शेजारचे एक घर आपले मानावे आणि निरोप तेथे पायी पोहोचवावा. घरात रात्रीच्या जपमाळेच्या वेळी सर्वांचे फोन एका बाजूला ठेवावेत. आणि मुलांना आईबापांनी तोंडाने सांगावे, की तू आम्हांला मोलाचा आहेस. हे वाक्य कोणत्याही अंगठ्यापेक्षा त्यांना जास्त हवे असते.

आपला भाव एकदा ठरून गेला आहे, बंधुभगिनींनो. तो कालवरीवर ठरला. क्रुसावर प्रभूने जे मोल दिले, ते कोणाची सरासरी काढून दिले नाही. ते पायरीवर भिजत बसलेल्या त्या आजीसाठी पूर्ण दिले आणि आपल्यासाठीही पूर्णच दिले.

चिमणीलाही न विसरणारा पिता आपणां सर्वांस आशीर्वाद देवो, आणि आपण ज्यांना विसरलो त्यांच्या दाराशी आपल्याला नेवो. आमेन.