गुरुजींचं वय

एका गावात एक निवृत्त गुरुजी होते. ते विमानाने काठमांडूला जाऊन पशुपतिनाथाचं दर्शन घेऊन आले. पासपोर्ट त्यांनी कधी काढलाच नव्हता. पारावर बसले की ते सांगत, "नुसत्या आधार कार्डावर सोडलं मला. कुणी चकार शब्द काढला नाही."

गावातल्या एका शेतकऱ्याने ते ऐकलं. पशुपतिनाथाला जायचं त्याच्या आईच्या मनात फार दिवसांपासून होतं. त्या वर्षी कांद्याला बरा भाव मिळाला आणि त्याने दोघांची तिकिटं काढली. बायको म्हणाली, "मतदानाचं कार्डही असू द्या बरोबर." तो हसला. "तिथे काय मत द्यायचंय?" कार्ड ट्रंकेतच राहिलं, साड्यांच्या घड्यांखाली.

दिल्लीच्या विमानतळावर काउंटरवरच्या मुलीने म्हातारीचं आधार पाहिलं आणि मान डोलावली. मुलाचं पाहिलं आणि परत केलं. "पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र द्या."

शेतकऱ्याने पिशवी काउंटरवर रिकामी केली. पॅन कार्ड निघालं, रेशन कार्डाची झेरॉक्स निघाली, आईच्या गोळ्यांची पाकिटं निघाली. घरी फोन करून त्याने मतदान कार्डाचा फोटो मागवला. पण मूळ कार्डच हवं होतं.

"नेपाळला व्हिसा लागत नाही ना?" त्याने विचारलं.

"नाही लागत. पण विमानाने जाताना तुम्ही भारताचे नागरिक आहात हे दाखवावं लागतं. आधार तर इथे राहणाऱ्या परदेशी माणसालाही मिळतं."

म्हातारी पुढे सरकली. "पोरी, मग आमच्या गुरुजींना कसं सोडलं?"

"आजी, गुरुजींचं वय काय?"

"सत्तरी उलटली त्यांची."

"मग बरोबर आहे. वय ६५ च्या वर किंवा १५ च्या आत असेल तर आधार चालतं. तुम्हाला चालेल, यांना नाही."

मुलगा ५२ वर्षांचा होता. त्याला सोडून जायला म्हातारी तयार होईना. विमान गेलं, तिकिटांचे पैसे बुडाले.

गावात बातमी पोचली तसे गुरुजी घरी आले. ओशाळून म्हणाले, "मी खोटं नव्हतो हो बोललो."

म्हातारीने चहाचा कप पुढे केला. "खोटं कुठे, गुरुजी? तुमच्या वयाचं होतं, एवढंच."

अनुभव सांगताना माणूस घडलेलं सगळं सांगतो, पण आपण कोण होतो तेवढं सांगायचं राहून जातं. ऐकणाऱ्याला मग तो नियमच वाटतो. आणि सांगणारा भला माणूस असला, की त्याला उलटून विचारायचं कुणाच्या मनातही येत नाही.

पुढच्या वर्षी मायलेक काठमांडूला जाऊन आले. या खेपेला मतदान कार्ड बायकोनेच त्याच्या खिशात घातलं होतं. तुम्हीही निघणार असाल तर मूळ मतदार ओळखपत्र किंवा पासपोर्ट बरोबर घ्या, आणि तिकीट काढण्याआधी आपलं वय सांगून विमान कंपनीला विचारून घ्या.