१९५१ : आपल्या जॅझचं वर्ष

जॅझच्या इतिहासातलं एकच वर्ष निवडा म्हटलं, तर बहुतेक जाणकारांचं बोट १९५९ वर पडतं. माइल्स डेव्हिसचा ‘काइंड ऑफ ब्लू’, डेव्ह ब्रुबेकचा ‘टाइम आउट’, ऑर्नेट कोलमनचा ‘द शेप ऑफ जॅझ टु कम’ हे सगळं त्या एका वर्षातलं. त्या निवडीशी माझं भांडण नाही. पण ते न्यूयॉर्कचं वर्ष झालं. मुंबईचं वर्ष कुठलं, असा विचार करू लागलो की मी १९५१ पाशी थांबतो.

आम्हा ट्रॉम्बेकरांना शहरात जायचं तर सायन-ट्रॉम्बे रस्त्याने चेंबूर ओलांडावं लागतं. याच चेंबूरमध्ये भगवानदादांनी १९४७ साली जागृती स्टुडिओ काढला. राज कपूरच्या आर. के.चा स्टुडिओही ह्याच रस्त्यावर उभा राहिला. स्टंटपट काढणाऱ्या भगवानदादांना सामाजिक चित्रपट करून बघ, असं राज कपूरने सुचवलं आणि १९५१ मध्ये ‘अलबेला’ आला. ‘आवारा’ही त्याच वर्षीचा. ‘अलबेला’चं संगीत सी. रामचंद्रांचं. म्हणजे पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर, विनायकबुवा पटवर्धनांकडे गाणं शिकलेले. आणि त्यांच्या वाद्यवृंदात ट्रंपेट घेऊन उभा होता चिक चॉकलेट. त्याचं खरं नाव अँतोनियो झेवियर वाझ, गाव बार्देशातलं हळदोणे. गिरणी कामगाराचा मुलगा असलेले भगवानदादा, गंधर्व परंपरेतला गवई आणि आर्मस्ट्राँगचा भक्त असलेला गोवेकर असे तिघे एका चित्रपटात भेटले. जॅझ मराठी कानांवर पडला तो या तिघांमुळे.

तोवर जॅझ म्हणजे ताजमहाल हॉटेलातला नाच, एवढीच या शहराची समजूत होती. १९३५ मध्ये लिऑन ॲबी आपला कृष्णवर्णीय अमेरिकन वादकांचा बँड घेऊन ताजमध्ये आला. पाठोपाठ क्रिकेट स्मिथ आणि टेडी वेदरफर्ड आले. त्यांना ऐकून गोवेकर वादक घडले. या वादकांची तयारी आधीच झालेली होती. गोव्यात चर्चला जोडून असलेल्या शाळेत मेस्त, म्हणजे संगीतशिक्षक, मुलांना व्हायोलिन आणि स्टाफ नोटेशन शिकवत असे, त्यामुळे कागद पुढे ठेवला की ही मंडळी लगेच वाजवू लागत. मिकी कुरैया यांचा बँड तर १९३९ पासून १९६० पर्यंत ताजमध्ये होता. ऐकणारे मात्र साहेब, संस्थानिक आणि शहरातले श्रीमंत. परळच्या माणसाला ताजच्या दारातूनही आत जाता येत नव्हतं.

मग दारूबंदी आली. मुंबई प्रांताचा कायदा १९४९ चा. दारूबंदीने मुंबईचा जॅझ मारला, असं सर्रास लिहिलं जातं. मला ते अर्धंच खरं वाटतं, कारण हॉटेलांतले बँड त्यानंतरही चालू राहिले. पण कमाई आटली आणि वादकांना दुसरं काम शोधणं भाग पडलं. ते काम सिनेमात होतं. मराठी, हिंदुस्थानी संगीतकाराला चाल सुचे, ती ऐकून गोवेकर अरेंजर मधले पीस लिहून काढी, आणि टेकच्या वेळी प्रत्येकापुढे आपापला कागद असे. ‘अलबेला’तल्या ‘शोला जो भडके’मध्ये बोंगो, क्लॅरिनेट, ट्रंपेट, सॅक्सोफोन आले ते याच वाटेने. ताजच्या दारात अडलेल्या माणसाने हे संगीत इराण्याच्या हॉटेलात आणि गणपतीच्या मिरवणुकीत ऐकलं, आणि भगवानदादांच्या त्या आरामशीर पावलांवर तो नाचला.

इथे बरीच वर्षं माझ्या मनात एक तक्रार होती. जॅझचा जीव आयत्या वेळी सुचण्यात आहे. अठ्ठ्याहत्तरच्या तबकडीवर तीन-सव्वातीन मिनिटांची जागा, त्यात गायकाचं गाणं, आणि वादकाच्या वाट्याला लिहून दिलेल्या थोड्या मात्रा. म्हणजे सिनेमाने जॅझचा रंग उचलला आणि मोकळीक काढून घेतली. आणि ही मोकळीक काढून घेतली कुठे, तर जिथे गवई तासभर आलापी करतो त्या शहरात. गिरगावातल्या मैफली आणि धोबीतलावच्या गोवेकरांच्या कुडी (गावागावांची वसतिगृहं) यांच्यात चालत दहा मिनिटांचं अंतर. दोन्हीकडे आयत्या वेळी सुचणाऱ्या संगीताचे जाणकार राहत होते, पण एकमेकांना ऐकायला जाण्याची पद्धत पडली नाही. समोर कागद ठेवून वाजवणाऱ्याला स्वतःचं काही सुचत असेल, हे मैफलीतल्या माणसाला पटलंच नसावं.

पण कागदाकडे नीट पाहिलं की ही तक्रार सैल होते. स्विंगमधले अर्ध्या मात्रेचे सूर कागदावर सारख्या लांबीचे लिहितात. वाजवताना मात्र पहिला रेंगाळतो आणि दुसरा तोकडा पडतो. किती रेंगाळायचं हे लयीवर, गाण्यावर आणि त्या दिवशीच्या वादकावर अवलंबून असतं. ते लिहिण्याची सोय नोटेशनमध्ये नाही. दोन वादकांना एकच पीस द्या, ज्याने रात्रीमागून रात्री नाचणाऱ्यांसमोर वाजवलंय त्याच्या हातून तो डुलतो आणि दुसऱ्याच्या हातून सरळ चालतो. मोकळीक बरीचशी गेली, हे खरंच. तरी तिचा एक अंश त्या न लिहिलेल्या रेंगाळण्यात शिल्लक होता, आणि आपण सगळ्यांनी तो ऐकलाय. ऐकणाऱ्याला वादकाचं नाव मात्र कळलं नाही, कारण तबकडीवर संगीतकार आणि गायक यांचीच नावं छापली जात. हा अन्याय मला आजही बोचतो.

पुढची वाट दोन्ही बाजूंनी निघाली. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ मध्ये सेंट झेवियर्स कॉलेजच्या चौकात रागांवर बेतलेल्या वाद्यवृंदरचना सादर केल्या. त्याच वर्षी ब्रुबेक मुंबईत आला आणि अब्दुल हलीम जाफर खाँ यांच्या सतारीबरोबर पियानोवर बसला. वर्षभरात माइल्स डेव्हिसने ‘सो व्हॉट’ ध्वनिमुद्रित केलं. भराभर बदलणारे कॉर्ड सोडून त्याने सलग सोळा बार एकाच स्वरसप्तकावर काढायचे ठरवले. ते सप्तक डोरियन, म्हणजे गंधार-निषाद कोमल, आपला काफी थाट. एका थाटात राहून मनासारखं फिरायचं, या विचारापर्यंत न्यूयॉर्क आपल्या वाटेने पोचलं होतं. मुंबईत मात्र काफी जाणणारे आणि ट्रंपेट फुंकणारे तेव्हाही वेगळ्या खोल्यांत बसत होते.

१९६८ मध्ये शंकर-जयकिशन यांची ‘रागा जॅझ स्टाइल’ ही तबकडी निघाली, रईस खाँ यांची सतार आणि मनोहारी सिंग यांचा सॅक्सोफोन घेऊन. ती मला अजूनही थोडी लिहिलेलीच वाटते. खरी सैल हवा लागली ती १९७८ मध्ये, धोबीतलावच्या रंगभवनात पहिली जॅझ यात्रा भरली तेव्हा. निरंजन झवेरी यांनी त्यासाठी सॅक्सोफोनवादक सॉनी रोलिन्सला मुंबईत आणलं. उघड्या आकाशाखाली तिकीट काढून बसलेल्यांपुढे नाच नव्हता, सिनेमा नव्हता. फक्त ऐकायचं होतं.

चिक चॉकलेट १९६७ मध्येच गेला होता, त्याला हे पाहायला मिळालं नाही. त्याची मुलगी इव्हॉन जॅझ गायिका झाली. तिचा नवरा ब्राझ गोन्साल्विस, गोव्याचाच सॅक्सोफोनवादक, राग घेऊन सॅक्सोफोनवर आपल्या मनाने वाजवू लागला. पुढे पियानोवादक लुई बँक्सच्या इंडो-जॅझ वृंदातून तो जॅझ यात्रेच्या मंचावर आला, आणि तिथे त्याला हवं तितका वेळ वाजवता येत होतं.