तुझ्या भल्यासाठी

‘तुझ्या भल्यासाठीच सांगतोय’ हे वाक्य ज्याने ऐकलं नाही, असं मूल आपल्याकडे शोधून सापडणार नाही. कोणती शाखा घ्यायची, रात्री किती वाजता घरी यायचं, कोणाशी बोलायचं, सगळ्यावर हे एकच उत्तर. मला त्याची चीड आहे. तरीही चिंगीला पहिली लस देताना तिला घट्ट धरून मी हेच पुटपुटत होते.

चिंगी आमच्या पार्किंगमध्ये जन्मलेली गावठी कुत्री. घरी आणताना तिला विचारलं नव्हतं, सुई टोचतानाही नाही. विचारता येतच नाही. मग तिच्या वतीने ठरवण्याचा हक्क मला कुठून मिळाला? प्रेमातून, असं म्हणणं सोपं आहे. पण मुलींना घरात डांबून ठेवणारेही प्रेमाचाच दाखला देतात.

मला उत्तर लसीच्या वेळापत्रकात सापडलं. पार्वो आणि डिस्टेंपरची लस साधारण ६ ते ८ आठवड्यांच्या पिल्लापासून सुरू होते. मग ते १६ आठवड्यांचं होईपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी पुन्हा टोचायचं. कारण आईच्या चिकातून आलेली प्रतिपिंडं. सुरुवातीला तीच पिल्लाला वाचवतात, पण ती अंगात असेपर्यंत लसही लागू पडू देत नाहीत. मधे काही दिवस असे येतात, की आईचं कवच रोगाला अडवायला अपुरं असतं आणि लसीला अडवायला पुरेसं. हे दिवस प्रत्येक पिल्लात वेगळे, म्हणून पुन्हा पुन्हा सुई. आईचं संरक्षणसुद्धा वेळेत ओसरावं लागतं. शरीराला हे कळतं, घरांना कळतंच असं नाही.

तोवर चिंगीला रस्त्यावर न्यायचं नव्हतं. पार्वोचा विषाणू आजारी कुत्र्याच्या विष्ठेतून पसरतो आणि मातीत महिनोन् महिने टिकतो. ती सेफ्टी डोअरपाशी बसून केविलवाणी कुंईकुंई करायची. मी तिला कोंडलंच होतं. पण ते कधी संपणार याची तारीख लसीच्या कार्डावर होती, आणि पुढे तिला बाहेर हुंदडता यावं म्हणूनच ते होतं. ही माझी पहिली कसोटी: ज्या बंधनाला शेवट नाही, ते समोरच्याच्या भल्याचं असेल यावर सहज विश्वास ठेवू नये.

दुसरी कसोटी, भलं नेमकं कोणाचं हे खरं सांगणं. तिसऱ्या महिन्याच्या सुमारास रेबीजची लस देतात. रेबीजची लक्षणं दिसू लागली की कुत्रा काय, माणूस काय, जवळपास कोणीच वाचत नाही. म्हणजे ही सुई तिच्याइतकीच माझ्यासाठी आणि खाली खेळणाऱ्या पोरांसाठीही आहे. एका कुत्रीला टोचून भागत नाही. सुमारे ७० टक्के कुत्र्यांना लस मिळाली तर रोगाची साखळी तुटते. गोव्यात रस्त्यावरच्या कुत्र्यांना वर्षानुवर्षं लस दिली गेली आणि २०२१मध्ये ते देशातलं पहिलं रेबीज-नियंत्रित राज्य जाहीर झालं. यात आपला स्वार्थ आहे. तो असण्यात गैर नाही, लपवण्यात आहे.

नसबंदीपाशी मात्र मी अडते. ते बंधन कधीच उठत नाही. गर्भाशयात पू होण्याचा धोका टळतो हे तिच्या भल्याचं. गल्लीत चाकाखाली येणारी पिल्लं वाढू नयेत, हे त्या न जन्मलेल्यांच्या आणि आपल्या सोयीचं. मी ती करणार आहे. पण ‘फक्त तुझ्यासाठी’ असं म्हणणार नाही, आणि पुढची दहा-पंधरा वर्षं तिची सगळी जबाबदारी माझी. किंमत फक्त तिनेच मोजायची असेल, तर मला ठरवण्याचा हक्क उरत नाही.

हे कधी संपणार? यात तुमचं भलं किती? आणि तुम्ही काय मोजणार? ‘तुझ्या भल्यासाठी’ म्हणणाऱ्याला आपण एवढं तरी विचारू शकतो. चिंगीला विचारता येत नाही, म्हणून तिच्या वतीने हे प्रश्न मलाच मला विचारत राहावे लागतात.