टेकडीवरचे दोघे

मेपल स्ट्रीट ही अमेरिकेतली एक गल्ली, आणि तीही खरी नव्हे, टीव्हीवरच्या गोष्टीतली. १९६० च्या मार्चमध्ये ‘द ट्वायलाइट झोन’ या मालिकेत रॉड सर्लिंग यांनी लिहिलेला एक भाग दाखवला गेला, त्यात ही गल्ली आहे. भाग अर्ध्या तासाच्या आतला. माझ्या भाचीने तो मला मोबाइलवर लावून दिला तेव्हा म्हणाली होती, “मावशी, तुला आवडेल. यात मारामारी नाही.” ते काही खरं निघालं नाही.

संध्याकाळची वेळ. मुलं खेळतायत, कुणी गाडी धुतंय, आइस्क्रीमवाला आलाय. डोक्यावरून काहीतरी लखकन जातं आणि गल्लीतली लाइट जाते. फोन बंद, गाड्याही सुरू होईनात. आपल्याकडे लाइट गेली की “पलीकडच्या गल्लीत आहे का बघ जरा” म्हणतो, तसाच तिथला पीट व्हॅन हॉर्न बघायला जातो. मागे राहिलेल्यांत टॉमी नावाचा मुलगा असतो. तो म्हणतो, मी गोष्टींत वाचलंय, परग्रहावरचे लोक येण्याआधी हुबेहूब आपल्यासारखं दिसणारं एक कुटुंब पुढे पाठवून देतात. झालं! एकाची गाडी आपोआप सुरू होते. मग हा माणूस रात्री-अपरात्री अंगणात उभा राहून आकाशाकडे का बघत असतो, याची चर्चा. बिचाऱ्याला झोप येत नसते, एवढंच. दुसऱ्याच्या तळघरात रेडिओचं यंत्र आहे, तो कुणाशी बोलतो? अंधारातून एक आकृती चालत येते, कुणीतरी घाबरून गोळी झाडतो, आणि खाली पडलेला असतो परत आलेला पीट व्हॅन हॉर्न. पुढे दगड, बंदुका, किंकाळ्या.

हे सगळं टेकडीवरून दोघे जण बघतायत. परग्रहावरचे. एक दुसऱ्याला पद्धत समजावून सांगतोय. थोडी यंत्रं बंद करायची, थोडा वेळ अंधारात ठेवायचं, बाकीचं हे लोक स्वतःच करतात. एक गल्ली झाली की पुढची.

या भागावर जे काही बोललं जातं ते गल्लीतल्या लोकांबद्दल. माणूस किती पटकन शेजाऱ्यावर उलटतो वगैरे. ते खरंच आहे, आपण काही कमी पाहिलेलं नाही. पण माझ्या डोक्यातून टेकडीवरचे दोघे जाईनात. त्यांच्या बोलण्यात राग नाही, द्वेष नाही. गॅसवर ठेवलेलं दूध वर येतंय का बघावं, तितक्या शांतपणे ते बघतायत.

अशा गोष्टी इंग्रजीत पुष्कळ आहेत. १९९८ च्या ‘डार्क सिटी’ या सिनेमात परके लोक रोज मध्यरात्री अख्खं शहर झोपवतात आणि माणसांच्या आठवणी बदलून टाकतात. काल गरीब असलेलं जोडपं आज श्रीमंत म्हणून जेवायला बसतं. माणसाचा आत्मा कशात असतो ते त्यांना शोधायचं असतं. डग्लस अ‍ॅडम्सने तर या प्रकाराची थट्टाच केली. त्याच्या गोष्टीत प्रयोगशाळेतले उंदीरच खरे शास्त्रज्ञ निघतात, आणि प्रयोग चाललेला असतो आपल्यावर! पण या सगळ्यांच्या आधी, १८९८ साली, एच. जी. वेल्सचं ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ हे पुस्तक आलं. त्याच्या सुरुवातीलाच ही उपमा आहे, की सूक्ष्मदर्शकातून एखाद्याने पाण्याच्या थेंबातले जीव न्याहाळावेत तसं मंगळावरून कुणीतरी आपल्याला न्याहाळत होतं. आणि मंगळवासीयांना नावं ठेवण्याआधी टास्मानियातल्या मूळ लोकांचं युरोपियनांनी काय केलं ते आठवा, असंही वेल्स तिथेच बजावतो.

तो थेंब वाचून मला माहेरचा आड आठवला. पाणी गाळून झालं की फडक्यात जे उरेल ते पुन्हा त्याच आडात सोडायचं, असा आईचा नियम. तिने सूक्ष्मदर्शक कधी पाहिला नव्हता. थेंबात कुणीतरी आहे एवढं ती धरून चालली होती, आणि ते कुणीतरी दिसतं कसं याची तिला फारशी उत्सुकता नव्हती.

भाचीचं म्हणणं वेगळं. “मावशी, ते व्हिलन नाहीत गं. इम्मॉरल वेगळं आणि अमॉरल वेगळं. त्यांना नीती हा प्रकारच नाही. मग त्यांना दोष कसा देणार?”

प्रश्न चांगला आहे. वाघाला आपण पापी म्हणत नाही. पुरात घर वाहून गेलं तर नदीवर खटला भरत नाही. ज्याला बरं-वाईट ही भानगडच ठाऊक नाही, त्याच्या हातून झालेलं नुकसान हे नुकसानच असतं, गुन्हा नसतो. टेकडीवरचे दोघे या वर्गात बसतात का?

माझ्या मते नाही बसत. कारण ते लपलेले आहेत.

यावर भाची लगेच म्हणाली, वाघही लपतो. पक्षी बघणारे लोकही झुडपामागे बसतात. बरोबर आहे. पण वाघ दबा धरून बसतो तेव्हा हरीण पळू नये, एवढंच त्याला हवं असतं. एका हरणाचा दुसऱ्यावरचा विश्वास उडावा अशी योजना तो करत नाही. पक्षी बघणारा लपतो तो पक्ष्याचं जसं चाललंय तसं चालू राहावं म्हणून. टेकडीवरच्यांनी मात्र सगळ्यांची लाइट घालवून एकाचीच गाडी सुरू केली, नंतर एकाच्याच घरात दिवा लावला. हे करायला काय माहीत असावं लागतं? शेजार म्हणजे काय, भरवसा कशाला म्हणतात, संशय कुठून आत शिरतो, आपल्यावरच बोट रोखलं गेलं की माणसाच्या पोटात कसा गोळा येतो. मिठाची चव ज्याला माहीतच नाही, त्याला दुसऱ्याची आमटी मुद्दाम खारट करता येत नाही. त्यांना नीती चांगली कळते. खालच्या लोकांची नीती तर त्यांनी हत्यारासारखी वापरली. त्या हिशेबात स्वतःला तेवढं धरलं नाही.

हे बोलता बोलता मला अमेरिकेतल्याच एका खऱ्या गोष्टीची आठवण झाली. अलाबामा राज्यात टस्कीगी नावाचं गाव आहे. १९३२ साली तिथे सरकारी आरोग्य खात्याने ६०० कृष्णवर्णीय पुरुषांवर एक अभ्यास सुरू केला. त्यातल्या ३९९ जणांना सिफिलिस हा रोग होता, २०१ जणांना नव्हता. रोगावर औषध दिलं नाही तर शरीराचं काय काय होत जातं, हे बघायचं होतं. त्या गरीब शेतमजुरांना सांगितलं, तुमचं रक्त बिघडलंय, आम्ही इलाज करतोय. तपासणी फुकट, त्या दिवशीचं जेवण, आणि मेल्यावर पुरण्याचा खर्च. पाठीच्या कण्यातून पाणी काढायचे तेही इलाज म्हणून. पुढे पेनिसिलिन आलं, १९४७ च्या सुमारास ते या रोगावरचं रुळलेलं औषध झालं, तरी यांना दिलं नाही. सहा महिन्यांसाठी सुरू झालेलं हे काम ४० वर्षं चाललं. १९७२ मध्ये वर्तमानपत्रात बातमी फुटली तेव्हा थांबलं. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी माफी मागितली ती १९९७ साली. तोवर त्यातले अगदी थोडे जण हयात होते.

मला यात सगळ्यांत जास्त काय लागलं सांगू? हे तसं गुपित नव्हतंच. १९३६ पासून यावर वैद्यकीय नियतकालिकांत निबंध छापून येत होते. डॉक्टर लोक ते वाचत होते. माहीत नव्हतं ते फक्त त्या ६०० जणांना आणि त्यांच्या बायकांना. म्हणजे टेकडीवर पुष्कळ गर्दी होती. सगळे सुशिक्षित, आणि आपापल्या घरी बहुतेक चांगले बाप, चांगले नवरे. त्यांना परग्रहावरचे म्हणून सोडून देता येईल?

आता जरा आपल्या घरात येते. टस्कीगीच्या शेजारी मी हे मांडते आहे ते दोन्ही सारखंच म्हणून नव्हे. पण बीज एका जातीचं असावं असा संशय आहे. नवी कामवाली लागली की पहिल्या आठवड्यात गादीखाली किंवा कपाटाच्या फटीशी शंभराची नोट ‘विसरायची’, हा प्रकार तुमच्यापैकी कुणाला ऐकूनही माहीत नाही असं होणार नाही. आमच्या बेळगावात एका ओळखीच्या घरी हे चालायचं. सासूने सुनेला शिकवलेलं, सुनेने पुढे तिच्या सुनेला. “पारख करायची गं, दुसरं काय?” त्यात कुणाला वाईट वाटत नव्हतं, कारण कुणाचं वाईट चिंतलेलंच नव्हतं. एकदा एका बाईने ती नोट उचलून ओट्यावर ठेवली आणि म्हणाली, “वैनी, शंभराची नोट अशी गादीखाली रोज पडत नाही बगा. मला बघायलासा व्हय?”

पुढचा महिना भरल्यावर तिने ते काम सोडलं. नोट घेतली नाही म्हणून घरात सगळ्यांनी तिचं कौतुक केलं होतं, पगार वाढवायलाही तयार होते. ती का गेली हे मात्र त्यांना अजून कळलेलं नाही. परीक्षेत पास झालेल्या माणसालाही अपमान होतो, हे परीक्षा घेणाऱ्याच्या जागेवरून दिसतच नसावं.

आमच्या वाचन मंडळात हा विषय निघाला तेव्हा गाडी चांगुणेवर गेली. श्रियाळ राजाकडे शंकर अतिथी होऊन येतात आणि जेवायला चिलया बाळाचं मांस मागतात. चांगुणेने पोटच्या पोराचं डोकं उखळात कांडायचं, तेही गाणं म्हणत, डोळ्यांत पाणी न आणता. शेवटी बाळ जिवंत परत मिळतं. शेजारच्या आजी ही गोष्ट सांगायच्या तेव्हा त्या स्वतः रडायच्या, आम्ही मुलंही रडायचो. आमच्या धर्मात जगाला चालवणारा, अशी परीक्षा घेणारा कुणी मानत नाहीत. सर्वज्ञ असतो तो जाणतो आणि पाहतो, ढवळाढवळ करत नाही. त्यामुळे मला बोलणं सोपं होतं. मी म्हटलं, बाळ परत मिळालं हे खरं, पण कांडताना ते तिला माहीत नव्हतं. तेवढा वेळ तिला कोण परत देणार?

त्यावर एक काकू बोलल्या. त्यांचा थोरला मुलगा चार वर्षांपूर्वी गेला. म्हणाल्या, “तुझं बरोबर असेल गं. पण देव परीक्षा बघतोय म्हटलं की कुणीतरी आपला पेपर तपासणार आहे असं वाटतं. कुणीच बघत नाही म्हटलं तर मी रात्र काढू कशी?”

कुणी बोललं नाही. त्यांचा आधार काढून घ्यायची माझी इच्छा नव्हती, आजही नाही. ज्याने बघायचं त्याने निदान लपून बघू नये, आधी सांगावं, एवढं म्हणावंसं वाटलं. पण आधी सांगितलं तर ती परीक्षा राहत नाही, हे मलाही कळतं.