राखणदाराची निष्ठा

चाकरी बदलणाऱ्या माणसाविषयी आपल्या समाजाच्या मनात एक जुना संशय आहे. ज्याचे मीठ खाल्ले त्याला जागावे, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. आणि त्याचा अर्थ बहुधा असा लावतो की, एकदा ज्या दाराशी उभे राहिलो ते दार जन्मभर सोडू नये. दार सोडण्यात दोष केव्हा असतो आणि केव्हा नसतो, याचा विचार मात्र क्वचितच होतो. तो करण्यासाठी येथे एका फुटबॉलपटूचे उदाहरण घेणार आहे. देवस्थानांच्या वार्तेत रमणाऱ्या वाचकांना ते आडवळणाचे वाटेल; परंतु गोमंतकात देवळाची जत्रा आणि मैदानावरचा फुटबॉल यांना जमणारी माणसे पुष्कळदा एकच असतात, हे काही नव्याने सांगायला नको.

संदेश झिंगन हा १९९३ साली जन्मलेला चंदिगढचा खेळाडू. त्याची जागा मधल्या बचावपटूची, म्हणजे आपल्या गोलरक्षकाच्या पुढ्यात उभे राहून येणारा प्रत्येक चेंडू आणि चेंडू आणणारा प्रत्येक गडी अडवण्याची. सिक्कीमच्या संघातून त्याने व्यावसायिक खेळाला आरंभ केला, पुढे मुंबईच्या संघात आला, आणि २०१४ मध्ये इंडियन सुपर लीगच्या पहिल्याच वर्षी केरळ ब्लास्टर्समध्ये दाखल झाला. तेथे तो २०२० पर्यंत राहिला. पण राहिला म्हणजे तरी काय? ही नवी स्पर्धा पहिली काही वर्षे वर्षाकाठी दोन-तीन महिनेच चाले. उरलेल्या काळासाठी संघ आपले खेळाडू इतरांना उसनवारीवर देत. त्या उसनवारीत हा गडी २०१५ मध्ये गोव्याच्या स्पोर्टिंगकडे, २०१६ मध्ये पुण्याच्या शिवाजियन्सकडे आणि २०१७ मध्ये बेंगळुरूकडे खेळून आला. २०२० मध्ये कोलकात्याचा एटीके मोहन बागान, २०२१ मध्ये थेट क्रोएशियातील आद्रियाती समुद्रकाठचे शिबेनिक, तेथे दुखापतीमुळे एकही सामना न खेळता २०२२ च्या जानेवारीत पुन्हा कोलकात्याचाच संघ, त्याच वर्षी बेंगळुरू, आणि २०२३ मध्ये एफ.सी. गोवा. एवढ्या वेशी एका माणसाने राखल्या.

राखणे हे काम मुळातच विचित्र आहे. गोल करणाऱ्याच्या कर्माला दृश्य फळ असते. ते फलकावर लागते, लोक उभे राहून टाळ्या वाजवतात. बचावपटूच्या कर्माचे फळ शून्य. काहीच घडले नाही, हेच त्याचे यश. १० सप्टेंबर २०१९ रोजी दोहा येथे भारताने कतारशी बरोबरी साधली. कतार त्या वर्षीचा आशियाई विजेता होता आणि सामना त्याच्याच अंगणात होता. त्या दिवशी मधल्या फळीत झिंगन आणि गोव्याचा आदिल खान उभे होते. फलकावर दोन शून्ये राहिली, आणि भारतीय फुटबॉलच्या रसिकांना ती दोन शून्ये एखाद्या विजयाइतकी प्रिय झाली. अशी प्रसिद्धी लाभलेली शून्ये विरळाच. एरवी बचावपटू आठवतो तो चुकल्यावर. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत भारताने दक्षिण कोरियाला २–१ असे हरवून सुवर्णपदक मिळवले. त्या संघातला जर्नेल सिंग हा खरा बचावपटू. डोक्याला टाके पडलेले असताना त्याला आघाडीवर खेळवले आणि अंतिम सामन्यात त्याने गोल केला. आज साठ वर्षांनंतर त्याचे नाव निघाले की तो गोल निघतो. त्याने आयुष्यभर अडवलेले हल्ले कोण मोजतो?

आपल्याकडे गावच्या राखणदाराची कल्पना याच जातीची आहे. राखणदाराने काय केले, असे विचारले तर उत्तर देता येत नाही. गावावर जे संकट आले नाही ते त्याचे कर्तृत्व. पण गावचा राखणदार वेस सोडून जात नाही. आपल्या मनातली अडचण येथे आहे. बचाव करणाऱ्याला आपण नकळत राखणदाराच्या जागी बसवतो, आणि मग तो उद्या दुसऱ्या गावची वेस राखू लागला की आपल्याला काहीतरी विटाळल्यासारखे वाटते. आघाडीचा खेळाडू गेला तर शिपाई गेला असे वाटते. राखणारा गेला तर घराची किल्ली गेली असे वाटते. आणि या वाटण्यात तथ्य नाही असेही नाही. आपली भिंत कोठे कच्ची आहे, हे त्याला ठाऊक असते.

मात्र स्थानाशी निष्ठा, आणि तीही अविचल निष्ठा, ही कल्पना आपल्याच देवस्थानांच्या इतिहासाला लावून पाहावी. सोळाव्या शतकात पोर्तुगीज अंमलाखाली देवळे मोडली जाऊ लागली, तेव्हा मंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळला आला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्यास आली, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला आली. देव वेस ओलांडून गेले. म्हणून त्यांनी मूळ गाव सोडला असे आपल्यापैकी कोणी म्हणत नाही. आजही त्या गावांची नावे आपण दैवतांच्या आणि कुळांच्या संदर्भात आदराने घेतो. देवांच्या पाठोपाठ माणसेही पांगली, ती बेळगावाकडे, कारवाराकडे आणि त्याहून दूर. ज्यांचे पूर्वज शिंदे, होळकर, गायकवाड यांच्या पदरी नोकरीस राहिले, अशी कुटुंबे ग्वाल्हेर, इंदूर, बडोद्याला अद्याप आहेत. त्या पूर्वजांना गाव सोडल्याबद्दल बेइमान म्हणायचे असेल, तर हा अंक वाचणारे फारच थोडे लोक इमानी कुळातले ठरतील! देव संकटाने गेले आणि खेळाडू पैशाने जातो, हा भेद खरा आहे, तो मी पुसत नाही. तथापि पोटासाठी जाणे यालाही आपल्या परंपरेने कधी पाप म्हटलेले नाही.

येथे वैकुंठाच्या दोन द्वारपालांची कथा आठवते. जय आणि विजय यांनी सनकादिकांना दारात अडवले, शाप ओढवून घेतला. लोकपरंपरा सांगते की, सात जन्म भक्त होऊन की तीन जन्म वैरी होऊन परत यायचे, असा पर्याय त्यांच्यापुढे आला, आणि लवकर परत येता यावे म्हणून त्यांनी वैर पत्करले. हिरण्याक्ष-हिरण्यकशिपू, रावण-कुंभकर्ण, शिशुपाल-दंतवक्र हे ते तीन जन्म. स्वामीच्या दारावर उभा राहणारा स्वामीच्याच विरुद्ध शस्त्र घेऊन उभा राहतो, आणि तरी त्याची निष्ठा भंगली असे पुराणकार मानीत नाहीत. फुटबॉलपटूला वैकुंठाचा द्वारपाल करण्याचा माझा मानस नाही. परंतु समोरच्या बाजूला उभे राहणे आणि निष्ठाहीन असणे या दोन गोष्टी एक नव्हेत, हे ज्या समाजाने इतक्या पूर्वी ओळखले, त्याने मैदानावर ते विसरावे हे बरे नव्हे.

मग निष्ठाहीन कोण? महाभारतात त्याचे उत्तर शल्याच्या रूपाने आहे. पांडवांकडे निघालेला शल्य दुर्योधनाच्या पाहुणचाराने बांधला गेला आणि कौरवांच्या बाजूस राहिला. येथवर त्याला फार दोष देता येणार नाही. पण कर्णाचा सारथी होऊन त्याने त्याच कर्णाचा तेजोभंग केला. धर्मराजाला दिलेला शब्द त्याने पाळला हे खरे. परंतु ज्याच्या रथावर तो बसला होता त्याला त्याचे हात मिळाले आणि मन मिळाले नाही. अर्धे मन घेऊन दारावर उभा राहणारा राखणदार हा खरा धोका. या कसोटीवर झिंगनची कारकीर्द तपासून पाहा. २०१४ आणि २०१६ च्या अंतिम सामन्यांत केरळला हरवले ते कोलकात्याच्या एटीके संघाने. पुढे तोच संघ मोहन बागानशी एक झाला, आणि २०२० मध्ये झिंगन त्याच्या दारावर उभा राहिला. त्या मोसमाच्या अखेरीस, २०२०–२१ चा देशातील सर्वोत्तम खेळाडू म्हणून भारतीय फुटबॉल महासंघाने त्याची निवड केली. तो सबंध मोसम महामारीमुळे गोव्यातच, रिकाम्या मैदानांवर खेळला गेला होता. ज्या नगरासाठी खेळायचे ते दूर, ओरडून धीर देणारे कोणी नाही, कालचे गणगोत समोर. अशा स्थितीत मन कशाला बांधावे? समोरच्या क्षणाला, अडवायच्या चेंडूला, एवढेच उत्तर संभवते. फळाचा आधार सुटल्यावर कर्म कसे दिसते याचा जणू तो प्रयोग होता, आणि ज्यांनी तो घडवला त्यांच्या मनात असले काही नव्हते, हे निराळे सांगायला नको.

२०२३ च्या मार्चमध्ये तर एकाच महिन्यात त्याची दोन्ही जुनी घरे पुढे आली. बेंगळुरूच्या संघात असताना बाद फेरीत केरळ समोर होते. छेत्रीने झटपट मारलेल्या फ्री किकवरून वाद होऊन केरळचा संघ मैदान सोडून गेला, तो हा सामना. पुढे १८ मार्चला फातोर्ड्यात अंतिम सामना मोहन बागानशी झाला, २–२ अशी बरोबरी होऊन पेनल्टींवर बेंगळुरू हरले. त्या साऱ्यात हा गडी कोठे अर्ध्या मनाने खेळला, असे त्याच्या जुन्या चाहत्यांनीही म्हटल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

त्यांची तक्रार वेगळीच होती, आणि ती मला खरी वाटते. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये गुडघ्याला जबर दुखापत होऊन झिंगनला सगळा मोसम बाहेर बसावे लागले. २०२० मध्ये तो केरळ सोडून निघाला तेव्हा संघाने त्याचा २१ क्रमांकाचा अंगरखा निवृत्त केल्याचे जाहीर केले. म्हणजे तो आकडा यापुढे कोणी घालायचा नाही. एखाद्या सेवेकऱ्याच्या नावे देवळात कायमची समई ठेवावी तसे. ज्या वर्षी तो खेळलाच नाही, त्या वर्षाच्या शेवटी हा मान मिळाला, हे लक्षात घेण्यासारखे आहे. तो शून्यांचा गौरव होता. आणि मग २०२२ च्या फेब्रुवारीत, मोहन बागानकडून केरळशी बरोबरी झाल्यावर मैदानातून परतताना, प्रतिस्पर्ध्यांना हिणवणारे आणि त्यासाठी स्त्रियांना उणे लेखणारे एक वाक्य त्याच्या तोंडून निघाले. ते चित्रफितीत सापडले, सर्वत्र पसरले. त्याने जाहीर क्षमा मागितली. तो मान काढून घ्या, अशी मागणी केरळच्या चाहत्यांनी लावून धरली.

या प्रसंगात माझ्या मते नीतीचा सगळा प्रश्न उघडा पडतो. सहा वर्षे ज्यांनी त्याला आपले मानले, त्यांनी त्याचे जाणे सोसले, समोर उभे राहणेही सोसले. त्यांना झोंबली ती वाणी. जुन्या धन्याला देणे लागतो ते एवढेच: त्याच्या भिंतीचे जे कच्चे ठिकाण ठाऊक आहे ते खेळात वापरावे लागले तर वापरावे, पण त्याच्या अंगणात उभे राहून त्याला हलके म्हणू नये. आणि त्या वाक्यात जिला उणे लेखले ती स्त्री तर कोणत्याच संघात नव्हती. तिच्याकडे मोजायला कोणाचा पराभवही नव्हता. क्षमा मागितल्यावर तो विषय संपला की नाही, हे मी ठरवू शकत नाही. चूक एका क्षणाची होती आणि मान सहा वर्षांचा होता. दोन्ही एकाच तराजूत घालणे मला कठीण जाते.

परंतु दुसऱ्या पारड्यातही काही ठेवले पाहिजे. संघांनी त्याला उसनवारीवर तीन गावे हिंडवले, तेव्हा कोणी संघाला बेइमान म्हटले नाही. खेळाडू पाठवला गेला तर तो व्यवहार, आणि खेळाडू स्वतः गेला तर तो द्रोह, हा न्याय एकांगी आहे. आपल्या देवस्थानांतही चौघडा वाजवणारे, पालखी वाहणारे, दिवट्या धरणारे वंशपरंपरेने सेवा करीत आले; त्यांच्या निष्ठेची आपण उत्सवी भाषणांत तोंडभर स्तुती करतो. त्यांना जाण्याची मोकळीक होती काय, हे क्वचितच विचारतो. ज्याचे पाय बांधलेले आहेत त्याचे उभे राहणे निष्ठा आहे की नाइलाज, हे बाहेरून कळत नाही; कदाचित त्याला स्वतःलाही कळत नसेल. आणि अलीकडे त्या घरांतली मुले शहरात नोकरीस गेली की, सेवा बुडाली म्हणून हळहळणारे महाजन आपल्या स्वतःच्या मुलांच्या परदेशगमनाच्या वार्ता त्याच मंडपात आनंदाने सांगतात. जाऊ शकणारा जेव्हा उभा राहतो, एका मोसमापुरता का होईना, तेव्हाच त्याच्या उभे राहण्याला काही किंमत येते.

२०२४ च्या जानेवारीत कतारमध्ये आशियाई चषकाच्या सीरियाविरुद्धच्या सामन्यात झिंगन पुन्हा दुखापतीने बाहेर गेला. गोव्याच्या संघात येऊन त्याला तेव्हा पहिलेच वर्ष होते. उरलेला मोसम संघाला त्याच्याविना काढावा लागला. पुढच्या मोसमात तो परतला, आणि २०२५ च्या मे महिन्यात एफ.सी. गोवा संघाने भुवनेश्वरला जमशेदपूरला ३–० असे हरवून सुपर चषक जिंकला. त्या निकालातले तीन गोल कोणी केले ते दुसऱ्या दिवशी सर्व वर्तमानपत्रांत आले. दुसऱ्या बाजूला शून्य होते.