न तपासलेला शब्द

दिवाळीला जालन्याला घरी गेलो, तर कॉम्प्युटरवर लाल पट्टी : रिकव्हरी ड्राइव्ह भरला आहे. पाहिलं आणि ओशाळलो. इंजिनिअरिंगला असताना मीच बॅकअपसाठी तो ड्राइव्ह निवडला होता आणि "आता काळजी नको, अण्णा," म्हणालो होतो.

तो कप्पा विंडोज पुन्हा बसवण्यासाठी राखीव असतो. शिवाय 'सी' आणि 'डी' एकाच डिस्कचे कप्पे. डिस्क गेली असती तर आजीचे फोटो आणि त्यांची नक्कल एकदमच गेली असती. काही गेलं नाही, म्हणून माझं आश्वासन खरं ठरतं का? अण्णा निर्धास्त होते ते माझ्या शब्दावर. आणि तो मी न तपासता दिला होता.

आमच्याच जिल्ह्यातल्या जांबला जन्मलेल्या रामदासांचा दासबोध मठामठांतून नकलून घेतला गेला. एका पोथीला वाळवी लागली, तरी दुसरीकडची उरे.

बाहेरच्या हार्ड डिस्कवर बॅकअप घेतला, फोटो परत उघडून पाहिले, मगच 'डी'वरचा माझा जुना बॅकअप पुसला. रिकव्हरीच्या फाइलींना हात लावला नाही. डिस्क अंबडला काकांकडे ठेवली आणि अण्णांना सगळं सांगितलं.

"तेव्हाच सांगायचंस," ते म्हणाले.

'तेव्हा मलाच माहीत नव्हतं,' हे तोंडाशी आलं. पण माहीत नव्हतं, तर हमी कशाची दिली होती?